काशिनाथभाऊजींचं लाल पुस्तक

आमच्या वसाहतीत नळाला सकाळी सहाला पाणी यायचं आणि सातला जायचं. चाळीस घरं आणि एक नळ. त्या तासाभरात कुणाला शिंकायलाही फुरसत नसे. पण साडेसहा वाजले की काशिनाथभाऊजी जिथे असतील तिथे ताठ उभे राहायचे. हात मांड्यांना चिकटलेले, मान वर, नजर समोरच्या शेवग्याच्या झाडावर. त्यांची बादली नळाखाली असली तर ती भरून वाहत राहायची. मागे बायका ओरडायच्या, कुणी त्यांच्या पाठीला हंडा लावून ढकलायची, पण भाऊजी हलत नसत. मिनिटभराने अंग सैल सोडायचे, सगळ्यांना वाकून हात जोडायचे आणि म्हणायचे, "काळीज गार ठेवा, बायांनो." मग बादली उचलून चालू लागायचे.

आपल्याकडे साडेसहा वाजतात तेव्हा बँकॉकला आठ वाजतात. तिकडे सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला रेडिओवर त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत लागतं आणि रस्त्यातला माणूस रस्त्यात उभा राहतो. भाऊजींच्या मनगटावरचं घड्याळ नाशकात असूनही बँकॉकच्या वेळेवर चालायचं. पलीकडच्या लक्ष्मीबाईंनी एकदा त्यांना वेळ विचारली आणि पोराला दीड तास आधी शाळेत पाठवलं. पोरगं शाळेच्या बंद फाटकाशी बसून राहिलं. भाऊजी म्हणाले, "वेळ बरोबरच होती. शाळा चुकीच्या देशात होती."

भाऊजी म्हणजे माझे सख्खे दीर नव्हेत. आमचे हे आणि ते सायखेड्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले, म्हणून ते मला वहिनी म्हणायचे आणि मी त्यांना भाऊजी. गावाने दीक्षा घेतली त्यानंतर तीन-चार वर्षांनी एका भंतेजींबरोबर ते थायलंडला गेले, भिक्खू व्हायला. गावाने हार घातले होते. पाच वर्षं चीवर अंगावर होतं, मग त्यांनी ते उतरवलं. तिकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. पुष्कळ माणसं काही काळ विहारात राहतात आणि परत घरी जातात. पण हे आमच्या वसाहतीला पटवता पटवता भाऊजी थकले. लोक तोंडावर म्हणायचे, "भंतेजी व्हायला गेला आणि बायको करून आला." भाऊजी हसायचे आणि खिशातून फोटो काढायचे. फोटोत विहाराच्या फाटकाशी शेवयांचा गाडा, गाड्यामागे एक हसरी बाई आणि गाड्यावर बसवलेली एक मुलगी. बाईचं नाव माली. मुलीचं नाव दाव. दाव म्हणजे चांदणी.

बँकॉकमध्ये भाऊजी एका हिंदुस्थानी शेठच्या शिंपीदुकानात शिवणकाम करत. तिथे चोवीस तासांत सूट शिवून देतात म्हणे. इकडे आल्यावर त्यांनी आमच्या शेजारच्या खोलीच्या दारात मशीन मांडली आणि पाटी लावली, 'चोवीस तासांत सूट'. आमच्या वसाहतीत सूट कोण घालणार? बायका ब्लाउज घेऊन आल्या. भाऊजी प्रत्येकीला चिठ्ठी द्यायचे, त्यावर कपडा कधी मिळेल ती तारीख. पण साल घालायचे तिकडचं, बुद्धाच्या परिनिर्वाणापासूनचं, आपल्यापेक्षा पाचशे त्रेचाळीसने पुढचं. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "मेल्या, माझं ब्लाउज पाचशे वर्षांनी देतो का?" भाऊजींनी हात जोडले. त्या हात जोडण्यालाही पायऱ्या होत्या. लहान मुलांना छातीशी, आम्हा बायकांना हनुवटीशी, म्हाताऱ्यांना नाकाशी आणि भंतेजींना कपाळाशी. पोस्टमनलाही कपाळाशी. पोस्टमन बिचारा संकोचून लांबूनच पत्र टाकायचा.

भाऊजी इकडे राहायला आलेच नव्हते. कागद गोळा करून परत जायचं, एवढ्यासाठी आले होते. त्यांना थाय व्हायचं होतं.

थाय होणं काय असतं ते त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आधी काही वर्षं दर वर्षी परवानगी वाढवून घ्यायची. मग कायम राहण्याची परवानगी मागायची. ती मिळाली की परदेशी माणसाचं एक लाल पुस्तक मिळतं, त्यावर पोलीस चौकीत वेळोवेळी शिक्का मारून घ्यायचा. असं पुस्तक खिशात पाच वर्षं मुरलं की नागरिक होण्याचा अर्ज करता येतो. मग कर भरल्याच्या पावत्या द्यायच्या. पोलीस येऊन शेजाऱ्यांना विचारतात, हा दारू पितो का, बायकोला मारतो का. तोंडी परीक्षा होते, तिथली भाषा बोलायची, त्यांची गाणी म्हणून दाखवायची. मग फाईल पोलिसांकडून मंत्र्याकडे जाते, मंत्र्याकडून थेट राजाकडे. राजाने हो म्हटलं की नाव सरकारी गॅझेटात छापून येतं, आणि मग आपला जुना देश सोडायचा. भाऊजींची फाईल पोलिसांपाशी येऊन थांबली होती. त्यांनी जन्माचा दाखला मागितला होता.

तिकडून निघताना लाल पुस्तकावर शिक्का मारून देतात आणि परत येण्यासाठी एक वर्षाची मुदत देतात. एक दिवस जरी जास्त झाला तर, भाऊजींच्या भाषेत, पुस्तक मरतं. मग पुन्हा पहिल्या वर्षाच्या परवानगीपासून सुरुवात. सोळा वर्षं पाण्यात. "आणि माझी दाव पाण्यापलीकडे," असं ते म्हणायचे. बायको-मुलगी थाय, आणि त्यांनाच दर वर्षी कुणीतरी राहू द्यायचं की नाही ते ठरवायचं, हे त्यांना टोचायचं. एकदा म्हणाले, "पाहुण्याला पाहुणचार किती दिवस गोड लागतो, वहिनी? मला घरातला माणूस व्हायचंय."

आणीबाणी उठली त्या वर्षाची ही गोष्ट. भाऊजी आले तेव्हा आदल्या वर्षीची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत परत जायचं होतं.

दाखला मिळवणं सोपं वाटलं होतं. भाऊजी सायखेड्याच्या शाळेत गेले आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले. त्यावर जन्मतारीख होती एक जून. बँकॉकच्या सगळ्या कागदांवर होती ऑगस्टमधली एक तारीख. ती त्यांच्या आईने सांगितलेल्या खुणांवरून, नागपंचमीनंतरचा बाजाराचा दिवस, अशी तिथल्या भंतेजींनी काढून दिली होती. आता शाळेत नाव घालताना आपले गुरुजी काय करायचे ते सगळ्यांना माहीत आहे. आईबापांना तारीख सांगता येत नसे, मग गुरुजी जून महिना आणि एक तारीख टाकून मोकळे. आमच्या ह्यांचा जन्म एक जूनचा. ह्यांच्या थोरल्या भावाचाही एक जूनचा आणि धाकट्याचाही एक जूनचा.

कचेरीतल्या साहेबाने सांगितलं, गावातले दोन साक्षीदार आणा, जे शपथेवर सांगतील की शाळेतली तारीख अंदाजाची आहे. भाऊजी आमच्या ह्यांना आणि आणखी एका वर्गमित्राला घेऊन गेले. साहेबाने साक्षीदारांचेही दाखले मागितले. तिन्ही दाखले टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले. एक जून, एक जून, एक जून. साहेबाने चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही तिळे का?" मग म्हणाला, "हसू नका, माझाही एक जूनच आहे." पण तरी त्याने सही केली नाही. म्हणाला की मला पटलंय, पण बँकॉकच्या साहेबाला कसं पटेल.

मग फेऱ्या सुरू झाल्या. भाऊजी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि संध्याकाळी घामाने भिजून यायचे. आले की मशीनवर बसायचे. आणि मध्येच मला हाक मारायचे, वहिनी, वही धरता का.

त्या वहीत त्यांनी परीक्षेत म्हणायची गाणी देवनागरीत लिहून काढली होती. अक्षर आपलं, शब्द तिकडचे. मी समोर वही धरून बसायचे आणि ते पाठ म्हणायचे. चुकलं की मी बोट वर करायचं. मला चार लोकांत बोलायला जमत नाही. बोट वर करायला बोलावं लागत नाही, म्हणून त्यांनी मला धरलं असेल. लक्ष्मीबाईंकडे वही दिली असती तर वसाहतभर त्यांच्या सुरांची नक्कल झाली असती. भाऊजींचा आवाज खरंच वाईट होता. पण डोळे मिटून म्हणायचे. दोन महिन्यांत मला ती गाणी न बघता येऊ लागली. एकदा भाकऱ्या थापताना मी गुणगुणत होते, तर हे दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे कोणत्या पिक्चरचं?"

दुसरी भानगड आडनावाची. त्या देशात एका घराण्याचं आडनाव दुसऱ्या घराण्याला चालत नाही. नवीन नागरिकाने असं आडनाव शोधून द्यायचं की जे देशात आणखी कुणाचंच नाही. तिथली कचेरी यादी तपासते. भाऊजी रविवारी विहारात वंदना झाली की कागद-पेन्सिल घेऊन बसायचे आणि लोकांकडून नावं मागायचे. लोकांना मजा वाटायची. कुणी काय, कुणी काय सुचवायचं. भाऊजींनी पाच नावं मालीकडे पाठवली, तिने कचेरीत नेली. पाचही घेतलेली. आमचे हे त्या रात्री जेवायला बसले. मग म्हणाले, "कसं वाटत असेल गं? नाव सांगितलं आणि समोरच्याला आपल्याबद्दल काहीच कळलं नाही." मी त्यांना भाकरी वाढली. आमच्या आडनावावरून समोरच्याला काय काय कळतं ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

भाऊजींच्या आईला मात्र हे आडनावाचं मुळीच पटलं नाही. भागाबाई त्यांचं नाव. सायखेड्याला एकट्या राहायच्या, लोकांच्या वावरात निंदायला जायच्या. मुलगा आल्यावर त्याने त्यांना इकडे आणलं, कारण त्यांना चालताना धाप लागायची. त्या खाटेवर बसून तंबाखू मळत म्हणायच्या, "माझ्या नवऱ्याचं नाव पुसतो व्हय रं? त्यानं तुला खांद्यावर बसवून यात्रंला नेलं, आन तू त्याचं नाव टाकून द्यायला निघाला." भाऊजी म्हणायचे, "आई, काळीज गार ठेव." म्हातारी म्हणायची, "गारच हाय. तुझंच पेटल्यालं हाय."

पण ती बोलण्यापुरतीच बोलायची. नात तिने फोटोतच पाहिली होती. दर पत्रात एक दोरा यायचा. भाऊजींनी दावला सांगून ठेवलं होतं, भिंतीला पाठ लावून उभी राहा, आईला टाचेपासून डोक्यापर्यंत दोरा धरायला सांग आणि तो कापून पाठव. दोरा आला की भाऊजी तो खिळ्याला लटकवायचे. त्या लांबीवरून छाती किती, कंबर किती हे शिंप्याच्या हिशोबाने काढायचे आणि फ्रॉक शिवायचे. पार्सल बोटीने जायचं, दोन-तीन महिने लागायचे. तिकडून पत्र यायचं की फ्रॉक आखूड झाला. मग ते पुढच्या वेळी चार बोटं वाढवून शिवायचे, तर कळायचं की या वेळी ढगळ झाला. भागाबाई खाटेवरून हात लांब करून दोऱ्याचं टोक बोटांत धरून बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "पोर हितवर आली बघ." आणि आपल्या छातीपाशी हात लावून दाखवला.

उन्हाळ्यात एक दिवस म्हातारी नाहीशी झाली. भाऊजी कचेरीत गेलेले. मी आणि लक्ष्मीबाई शोधत शोधत सीबीएसच्या बसस्टँडवर गेलो तर ती फलाटावर गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. मी विचारलं, कुठे निघालात. तर म्हणाली, "सायखेड्याला. म्या हितं दिसले का ह्याचा पाय निघायचा नाय. डोळ्याआड झाले म्हंजी जाईल लेकीकडं." लक्ष्मीबाईंनी तिला चांगलं फैलावर घेतलं, म्हातारपणी पळून जायला लाज वाटत नाही का म्हणून. म्हातारी म्हणाली, मी पळून नाय चालले, त्याला पळवायला चालले. आम्ही तिला रिक्षात घालून घरी आणलं. पण तिने भाऊजींकडून वचन घेतलं: कागद मिळाला की तू निघायचं, माझं कारण सांगायचं नाही. "माझ्यापायी राहिलास तर अन्न सोडीन," असं ती म्हणाली, आणि ती तसं करणारी बाई होती.

जुलैत कागद मिळाला. कोर्टात प्रतिज्ञापत्र झालं, त्यावर गावच्या पोलीस पाटलाची सही, कचेरीचा शिक्का. भाऊजींनी त्याची एक प्रत बँकॉकला पाठवली आणि वसाहतीत पेढे वाटले. तिकिटाची चौकशी सुरू झाली. आणि आठवड्याभरात भागाबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले, जगतील, पण उठणार नाहीत. बोलणं थोडं फार परत आलं. पहिलं वाक्य त्या काय बोलल्या तर, "तिकीट काढलं का?"

भाऊजी महिनाभर त्यांचं सगळं करत होते. आई झोपली की मशीनवर बसायचे, पण मशीन चालवायचे नाहीत. आई जागी झाली की तिकिटाचं विचारायची आणि तोंड फिरवून घ्यायची. भात तोंडात धरून ठेवायची, गिळायची नाही.

ऑगस्टच्या शेवटी पोस्टमन आला. भाऊजींनी कपाळाशी हात जोडून पत्र घेतलं, आत गेले, आणि थोड्या वेळाने पाकीट हातात धरून उंबऱ्यावर येऊन बसले. लोक जमले. भाऊजी म्हणाले, तिकडच्या ऑफिसचं पत्र आलंय, जन्मतारखेचा मेळ बसत नाही म्हणून अर्ज फेटाळला. पुस्तकाची मुदतही त्यांनी रद्द केली. पुस्तक मेलं.

मग आमचे हे म्हणाले, "त्या एक जूनने घात केला." सगळ्यांनी माना हलवल्या, कारण सगळे एक जूनचेच होते.

आतून भागाबाईंचा आवाज आला, वाकड्या तोंडातून, पण पूर्वीसारखा खणखणीत. "नाय म्हणले? माझ्या लेकाला नाय म्हणले?" भाऊजी आत जाऊन हो म्हणाले. मग म्हातारीने थाय सरकारला जे ऐकवलं ते सगळं मी इथे लिहीत नाही. माझ्या लेकात काय कमी हाय, त्यांच्यात असं काय सोनं लागून गेलंय, त्यांची भाषा बोलतो, त्यांची गाणी म्हणतो, आणखी काय पायजे मेल्यांना. जी बाई आडनाव बदलू देत नव्हती ती आता भाऊजींना सांगत होती की पुन्हा अर्ज कर, भांड त्यांच्याशी. बोलून बोलून दमली, आणि मग तिने मऊ केलेली भाकरी मागून खाल्ली. एक खाऊन आणखी अर्धी मागितली.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजींनी नळावर उभं राहणं सोडलं. बादली भरली की उचलून निघायचे. पहिले काही दिवस साडेसहा वाजले की बायका सवयीने बाजूला सरायच्या आणि मग एकमेकींकडे बघायच्या.

पंधरा दिवसांनी भागाबाईंना ताप भरला. भाऊजी औषध आणायला गेले होते. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी पेटीत आहे, ती काढून ठेवा, असं मला सांगून गेले. मी पेटी उघडली. वरच लाल पुस्तक होतं आणि त्यात ते पाकीट खोचलेलं, जे त्यांनी उंबऱ्यावर बसून हातात धरलं होतं. पाकिटातून दोरा बाहेर लोंबत होता.

ऑफिसचं पत्र असं नसतं, हे मलाही कळलं. आत दावचं मोठं मोठं अक्षर होतं, वहीच्या कागदावर. मी पुस्तक उघडलं. जाण्याच्या शिक्क्याखाली परत येण्याची तारीख आकड्यांत लिहिलेली होती. तिकडचे आकडे मला येत होते, कारण गाण्यांच्या वहीला भाऊजींनी पानांचे आकडे तसेच घातले होते आणि मला पान काढून द्यावं लागायचं. मी सालातून पाचशे त्रेचाळीस वजा केले, बोटांवर, दोनदा. मग महिना बघितला. नोव्हेंबर. पुस्तक मेलं नव्हतं. अडीच महिने शिल्लक होते.

खाटेवरून भागाबाईंनी विचारलं, "काय सापडलं का गं?" मी म्हणाले, चिठ्ठी सापडली. आणि पेटी लावून टाकली.

मी हे कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. नोव्हेंबरची ती तारीख आली त्या दिवशी भाऊजी काय करतात ते मी दाराआडून बघत होते. त्यांनी सकाळी आईला अंघोळ घातली, केस विंचरून दिले, तंबाखू मळून तिच्या डाव्या गालात ठेवली. दुपारी एका लग्नाचे अकरा ब्लाउज शिवले. संध्याकाळी लक्ष्मीबाईंशी काज-बटणावरून भांडले. एवढंच.

म्हातारी त्यानंतर सात वर्षं जगली. खाटेवरून वसाहतीवर राज्य केलं. येईल त्याला सांगायची की माझ्या लेकाला राजा आपला मानूस करून घेणार होता, पन तारखेत चूक झाली. भाऊजी समोर बसून काज करत असायचे आणि मान हलवायचे. मालीला त्यांनी खरं लिहिलं होतं, हे मला पुढे त्यांच्याच पत्रातून कळलं. तिने उत्तर दिलं होतं, आईचं करून या. दावने मात्र वर्षभर पत्र लिहिलं नाही. मग एकदा पुन्हा दोरा आला. भाऊजींनी तो भिंतीला लावून बघितला आणि मला हाक मारली. म्हणाले, "वहिनी, इथे उभ्या राहता का?" मी उभी राहिले. दोरा माझ्या कानाच्या वर गेला. त्या आठवड्यात त्यांनी फ्रॉक शिवला नाही. फ्रॉकचं वय गेलं होतं, आणि पुढचं काय शिवायचं ते बापाला न बघता ठरवता येत नव्हतं.

भागाबाई गेल्या त्याला चार महिने झाल्यावर भाऊजी निघाले. पन्नाशीला आले होते. तीन महिन्यांची परवानगी मिळाली होती, बायकोला भेटायला जाणाऱ्याला देतात तशी. तिकडे जाऊन ती वर्षाची करायची, मग दर वर्षी वाढवायची, मग कायमची मागायची, मग लाल पुस्तक, मग पाच वर्षं, मग पोलीस, मंत्री, राजा. आता त्यांना जाऊन तीन वर्षं झालीत. पत्रं येतात. अजून दर वर्षाच्या परवानगीवरच आहेत. दाव एका ऑफिसात टायपिंग करते आणि बापाचे अर्ज तीच टाइप करून देते, असं त्यांनी लिहिलंय.

ते निघाले त्या दिवशी दुपारी खोलीची किल्ली द्यायला माझ्याकडे आले. खोली रिकामी झाली होती, मशीन विकलेली, खाट तेवढी मालकाची म्हणून तिथेच होती. हे कामावर होते. मी चहा ठेवला. सात वर्षं मी ते बोलायचं म्हणून तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं. आता ते जाणार, आणि मग हे मनातच राहील असं मला वाटलं. मी कपबशी त्यांच्या पुढे ठेवली आणि खाली बघत म्हणाले,

"भाऊजी, त्या वर्षी पुस्तकाला अडीच महिने शिल्लक होते."

त्यांनी कप उचलला होता, तो परत बशीत ठेवला.

"तुम्हाला आकडे येतात हे माझ्या लक्षातच आलं नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी उघड्या दारातून पलीकडे, त्यांच्या खोलीतल्या खाटेकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"आईला सांगू नका, वहिनी."

मी म्हणाले, नाही सांगणार.